दम पाण्यात, हाडं रस्त्यावर

किकबोर्ड, म्हणजे पोहायला शिकताना हातात धरायची तरंगती फळी, धरून जीव खाऊन पाय मारत होतो आणि मागे सरकत होतो. होय, मागेच. नागपुरात अंबाझरीकडच्या एका पोहण्याच्या टँकवरची एप्रिलची सकाळ. शेजारच्या लेनमधून आठ-नऊ वर्षांची पोरं सुळकन निघून जात होती आणि सेमिनरी हिल्सची चढण न थांबता धावणारा मी एका जागी फेस काढत होतो. काठावर उभे असलेले ट्रेनर म्हणाले, "काय जी, घोटे लोखंडाचे आहेत का तुमचे?"

प्रश्न खोचक होता, पण शास्त्राला धरून होता. वर्षानुवर्षं धावणाऱ्यांचे घोटे ताठ होतात. पोहताना पाऊल माशाच्या शेपटीसारखं मागे ताणलं जायला हवं. धावणाऱ्याचं ते काटकोनात अडकून राहतं आणि फावड्यासारखं पाणी पुढे लोटतं. पाणी पुढे गेलं की माणूस मागे जाणारच.

मी टँकवर आलो तो हौसेनं नव्हे, नडगीमुळे. हाडावर ताण आलाय, सहा आठवडे धावायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी बसून हिशेब केला. मिनिटाला 170 पावलं धरली तर तासाभरात दहा हजारांवर पावलं पडतात. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा पायावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. माझं वजन 65 किलो. म्हणजे प्रत्येक पावलाला 160 किलोंच्या आसपास. नडगीनं इतके दिवस तक्रार केली नाही, हेच आश्चर्य! मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचा भार जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मग पोहण्यात आपटणं कसलं?

पण पहिल्या दोन चकरांतच दम संपला. इथं धावणारे हमखास फसतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. त्यात मी श्वासासाठी मान वर काढायचो. छाती हवेमुळे तरंगते, पाय जड असतात. डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि मग आपण पाण्यातून ओंडका ओढत राहतो. "दम नाही असं नाही जी, डोकं वर आहे म्हणून पाय बुडून राहिले," ट्रेनर म्हणाले. डोकं खाली घातलं, घाई सोडली, तेव्हा कुठे आठवड्याभरात सलग चार चकरा जमल्या.

नाडीचंही कोडं होतं. श्वास रस्त्यावरच्यासारखाच फुललेला असे, पण मानेवर बोटं ठेवून मोजलं तर ठोके दहा-बारा कमी भरत. आळस नव्हता तो. आडव्या शरीरात पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परततं, वरून पाण्याचा दाब ते छातीकडे ढकलतो. हृदय जास्त भरतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं, म्हणून ठोके कमी पुरतात. तेव्हा रस्त्यावरचा आकडा टँकमध्ये गाठायच्या नादी लागू नये.

नागपुरात याला उन्हाळ्याची जोड आहे. पारा 45 च्या घरात गेला की पहाटे पाचलाही हवा तापलेली असते. धावताना निम्मी शक्ती अंग थंड ठेवण्यातच जाते असं वाटतं. कातडीकडे रक्त वळवावं लागतं, त्यामुळे वेग तोच राहूनही ठोके चढत जातात. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून घेतं, म्हणून मे महिन्यातही हृदयाला जोराचा व्यायाम देता येतो. याची दुसरी बाजूही आहे. उन्हाची सवय अंगात मुरायला दहा-चौदा दिवस लागतात आणि ती काही आठवड्यांत उतरते. महिनाभर नुसतं पोहून एकदम उन्हात धावायला निघालात, तर सगळी सुरुवात पुन्हा करावी लागते.

फ्रीस्टाइलमध्ये बहुतेक काम हात आणि खांदे करतात. हृदय आणि श्वासाचे स्नायू तयार होतात, पोटऱ्यांना मात्र फारसं काही मिळत नाही. म्हणून दुखापतीत धावण्याच्या अधिक जवळचा उपाय म्हणजे खोल पाण्यात कंबरेला फोमचा पट्टा बांधून, तळाला पाय न लावता धावणं. सरावलेल्या धावपटूंनी नुसतं एवढं करून चार ते सहा आठवडे आपली क्षमता जवळपास टिकवल्याचं अभ्यासांत दिसलंय. दिसायला विचित्र आणि भयंकर कंटाळवाणं! मी एक मिनिट जोरात, अर्धा मिनिट हळू असं करत वेळ काढायचो. गुडघा दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोक टाळा. त्याची बेडकासारखी लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण देते.

खरा धोका परतताना असतो. हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं. पाण्यात हा भारच नसतो. त्यामुळे नुसतं पोहणाऱ्यांची हाडं धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांइतकी दाट होत नाहीत. टाचेमागच्या कंडरेची स्प्रिंगही रस्त्यावरच तयार होते. सहा आठवड्यांनी तुमचा दम शाबूत असतो आणि नडगी मात्र नवखी झालेली असते. आत इंजिन जोरात, खाली चेसिस कच्ची.

जुलैत फुटाळा तलावाच्या काठानं पहिल्यांदा निघालो, एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. श्वास तर लागतच नव्हता. जुना सोबती शेजारून जाताना म्हणाला, "अरे भाऊ, चालून काय राहिला?" मी घड्याळ दाखवलं. त्या आठवड्यात तीनदा टँक, दोनदा रस्ता. ऑगस्टच्या शेवटी रस्ता तीनदा झाला. किकबोर्डवर आता निदान पुढे जातो.