पर्वतदृश्यांचे अनुकृतिचित्रण

स्वच्छंदतावादी (रोमँटिक) संप्रदायातील एखाद्या नाट्यपूर्ण पर्वतदृश्याची प्रतिकृती करून तैलरंगाचे तंत्र आत्मसात करण्याची अभ्यासपद्धती. अशा चित्रात अग्रभागीचे काळोखे खडक, मधले धुके आणि दूरची फिकट शिखरे एकत्र येत असल्याने दाट व पारदर्शक अशा दोन्ही प्रकारच्या रंगलेपनाचा सराव एकाच फलकावर होतो.

श्रेष्ठ चित्रकारांच्या कृतींवरून शिकण्याची प्रथा स्वच्छंदतावादाहून बरीच जुनी आहे. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने सु. १४०० मध्ये तिचा पुरस्कार केलेला आढळतो. पॅरिसचे लूव्ह्र संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाल्यावर चित्रशाळेबाहेरही अनुकृतीची सोय झाली. प्रतिकृतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा असावा, असा तेथील नियम आहे. निसर्गचित्राच्या अनुकृतीला प्रतिष्ठा मिळाली ती फ्रेंच अकादमीने १८१७ मध्ये ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी सुरू केलेल्या रोम पारितोषिकामुळे (रोममध्ये अभ्यासासाठी दिली जाणारी शिष्यवृत्ती), असे म्हणता येईल. तथापि त्या पारितोषिकाचा आदर्श अभिजात रचनेचा होता, त्यामुळे पर्वतदृश्यांच्या संदर्भात ड्रेझ्डेन (जर्मनी) येथील चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) व योहान क्रिस्टियान डाल (१७८८–१८५७) यांची उदाहरणे अधिक बोधक ठरतात.

फ्रीड्रिखची पर्वतदृश्ये प्रत्यक्ष स्थळी रंगवलेली नसून निरनिराळ्या रेखाटनांवरून कार्यशाळेत जुळवलेली आहेत. ‘धुक्याच्या सागरावरील प्रवासी’ या चित्रातील खडक व टेकड्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्म-पर्वतातील वेगवेगळ्या ठिकाणांच्या आहेत. फ्रीड्रिखने आल्प्स पर्वत कधीच पाहिला नव्हता; आल्प्समधील एका शिखराच्या ‘वाट्समान’ (१८२४–२५) या चित्रासाठी त्याने आउगुस्ट हाइन्रिख या आपल्या शिष्याच्या जलरंगातील अभ्यासचित्राचा आधार घेतला व अग्रभागासाठी हार्ट्‌स पर्वतातील खडक योजले. अनुकृती करणाऱ्याने म्हणूनच स्थळाचे यथार्थ दर्शन शोधण्याऐवजी रचनेचा क्रम शोधणे इष्ट.

हा क्रम थरांतून उलगडतो. चौकटींच्या जाळीच्या साहाय्याने रेखांकन उतरवल्यावर पातळ रंगाने छायाप्रकाशाची मांडणी करतात. ती वाळल्यावर आकाशापासून अग्रभागाकडे येत रंग भरतात आणि शेवटी पारदर्शक लेप देतात. वरच्या थरातील तेलाचे प्रमाण खालच्या थरापेक्षा कमी असता कामा नये, अन्यथा वरचा थर आधी वाळून तडकतो. धुक्यासाठी वाळलेल्या गडद थरावर पांढरट, अर्धपारदर्शक रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने पसरतात. खालचा रंग त्यातून झिरपत राहिला तरच अंतराचा भास होतो. पांढऱ्या रंगाचा अपारदर्शक थापा दिल्यास धुके भिंतीसारखे दिसते.

निळ्या रंगाची निवड हा वादाचा विषय आहे. ‘प्रवासी’ या चित्राचा काळ साधारणतः सु. १८१८ मानला जातो. काहींच्या मते ते वर्षभर आधीचे असावे. दोहोंपैकी कोणतेही मत ग्राह्य धरले तरी १८२६ ते १८२८ च्या सुमारास तयार झालेला कृत्रिम अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग त्यात असणे संभवत नाही. त्या काळी नैसर्गिक अल्ट्रामरीन, प्रशियन निळा, १८०२ पासूनचा कोबाल्ट निळा आणि स्माल्ट हे कोबाल्टयुक्त काचेचे चूर्ण उपलब्ध होते. स्माल्ट तेलात काळानुसार करडा पडतो. त्यामुळे अनुकृतीत आजचे आकाश उतरवावे की मूळचे, असा प्रश्न उद्भवतो. रसायनदृष्ट्या मूळचा रंग कल्पिण्याचा आग्रह काही संशोधक धरतात. विद्यार्थ्याने मात्र डोळ्यांना दिसणारी छटा आधुनिक रंगांतून साधणे अधिक उपयुक्त वाटते, कारण या अभ्यासाचा हेतू रंगछटांची पारख हा आहे.

अमेरिकन चित्रकार आल्बर्ट बीअरश्टाट (१८३०–१९०२) याच्या ‘रॉकी पर्वतातील वादळ’ (१८६६) यासारख्या विशाल फलकांची संपूर्ण प्रतिकृती सहसा करू नये. ढग फाटून प्रकाश उतरतो तेवढाच भाग निवडणे पुरेसे असते. एकोणिसाव्या शतकात सावल्यांसाठी डांबरजन्य तपकिरी रंग वापरला जाई. तो पूर्णपणे वाळत नसल्याने अनेक चित्रे सुरकुतली व भेगाळली. त्याची खोली जळक्या अंबर (burnt umber) या तपकिरी मातीच्या रंगात अल्ट्रामरीन मिसळून साधता येते.