हरीण वीस यार्डांवर कसे येते : अमेरिकेतील धनुर्धारी शिकारीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो, आणि पहिल्यांदाच परवाना काढलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो : हरीण जवळ आणायचे कसे? बंदूकवाल्याला हा प्रश्न इतका छळत नाही, कारण शंभर-दीडशे यार्डांवरचे जनावर त्याच्या टप्प्यात असते. धनुर्धाऱ्याचे तसे नसते. नवशिक्याने वीस यार्डांपलीकडे, म्हणजे सुमारे अठरा मीटरपलीकडे बाण सोडू नये, असे जाणती माणसे सांगतात. यामागे केवळ नेमबाजीचा कच्चेपणा नाही. आजच्या चांगल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, तर ध्वनी त्याच्या चौपट वेगाने धावतो. त्यामुळे दोरीचा आवाज हरणाच्या कानी आधी पडतो आणि बाण मागाहून येतो. वीस यार्डांवर बाणाला जेमतेम पाव सेकंद लागतो, चाळीस यार्डांवर त्याच्या दुप्पट, आणि तेवढ्या वेळात बुजलेले हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते व बाण भलतीकडे लागून ते जखमी अवस्थेत निघून जाते. म्हणून हरीण नुसते जवळ येऊन भागत नाही, ते निर्धास्त असावे लागते. आमिष, गंध, आवाज आणि सोंग या चारही उपायांचा इतिहास या एका अडचणीतून वाढला आहे.

ज्या जनावराविषयी हे सारे चालते ते मुख्यतः पांढऱ्या शेपटीचे हरीण. त्याचे नाक आणि कान विलक्षण तीक्ष्ण असतात. डोळ्यांना तांबडा रंग नीट दिसत नसला, तरी हालचाल लगेच टिपली जाते. ते आपणहून कुठे जाईल हे बहुतांशी तीन गोष्टी ठरवतात : खाणे, दडण्याची जागा, आणि नोव्हेंबरच्या आसपासचा माजाचा काळ. त्या काळात एरवी रात्रीच बाहेर पडणारे नर भर दिवसा माद्यांच्या मागावर हिंडतात आणि नेहमीची सावधगिरी काही प्रमाणात विसरतात.

युरोपीय लोक येण्यापूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांना हे सगळे ठाऊक होते. १५६४ मध्ये फ्लोरिडातील फ्रेंच वसाहतीत गेलेल्या जाक ल मॉयन या चित्रकाराच्या नावावर असलेली आणि थेओडोर द ब्री याने १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रे याची साक्ष देतात. त्यांतील एका चित्रात टिमुकुआ जमातीचे शिकारी हरणाचे अखंड कातडे अंगावर पांघरून, त्याच्या डोक्याच्या भोकांतून बाहेर पाहत, ओढ्यावर पाणी पिणाऱ्या हरणांच्या दिशेने सरकताना दिसतात. पूर्वेकडील अनेक जमाती जंगलातील झुडपे ठरावीक काळाने जाळत असत, आणि राखेतून उगवलेल्या कोवळ्या पाल्यावर हरणे येत. कळपाला ओढून आणण्यासाठी सारे रानच तयार करण्याची ही पद्धत माझ्या मते पुढे बाजारात आलेल्या गंधाच्या बाटल्या आणि मक्याच्या पिशव्यांपेक्षा अधिक विचारपूर्वक होती. आजचे शिकारी हरणांसाठी जी छोटी शेते पेरतात त्यांची ती पूर्वजच म्हणावी लागेल.

वसाहतवाल्यांनी यातले थोडेच उचलले. खारवट माती चाटायला जनावरे जिथे जमत, त्या जागा त्यांनी हेरल्या. केंटकीतील ब्लू लिक्स या ठिकाणाचे नावच त्यावरून पडले. रात्री मशाल किंवा जाळ दाखवून हरणाचे डोळे दिपवायचे आणि ते जागीच खिळले की गोळी घालायची, हा प्रकारही चालत असे. पण त्यांच्या हाती बंदूक होती, आणि हरणाच्या कातड्याला अटलांटिकपलीकडे मोठी मागणी होती. कातडे चलनासारखे वापरले जाई. डॉलरला आजही बोलीत ‘बक’ म्हणजे नर हरीण म्हणतात, त्याचे मूळ सहसा याच व्यापारात शोधले जाते. ऱ्होड आयलंडमधील पोर्ट्‌स्मथ या गावाने १६४६ मध्येच मे ते ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीला बंदी घातली होती, यावरून टंचाई किती लवकर जाणवू लागली होती हे दिसते. पुढे रेल्वे आली, शहरांतले मांसबाजार आले, आणि विसावे शतक उजाडले तेव्हा सगळ्या देशात मिळून पांढऱ्या शेपटीची तीन ते पाच लाख हरणेच उरली असावीत, असा अंदाज केला जातो. राज्याचा कायदा मोडून मारलेली शिकार परराज्यात नेण्यास मनाई करणारा लेसी कायदा १९०० मध्ये झाला, तो या पार्श्वभूमीवर.

धनुष्य तोवर गोऱ्या अमेरिकनांच्या लेखी जवळजवळ विस्मृतीत गेले होते. मॉरिस आणि विल थॉम्पसन या भावांनी गृहयुद्धानंतरच्या वर्षांत त्याचा छंद लोकप्रिय केला आणि १८७९ मध्ये राष्ट्रीय धनुर्विद्या संघटनाही स्थापन झाली, परंतु तिचा ओढा लक्ष्यावर बाण मारण्याकडे अधिक होता. शिकारीचे धागे पुन्हा जुळले ते एका वेगळ्याच आणि करुण घटनेमुळे. ऑगस्ट १९११ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीची कत्तल झाल्यानंतर लपून राहिलेल्यांपैकी तो शेवटचा होता. आपले नाव त्याने कधीच सांगितले नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, एवढेच म्हटले. सॅन फ्रान्सिस्कोमधील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना त्याची तिथल्या वैद्यकीय विभागातील शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांच्याशी मैत्री झाली, आणि धनुष्य तासण्यापासून ते हरणाच्या मागावर जाण्यापर्यंत सारे त्याने पोप यांना शिकवले.

पोप यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी आजच्या नवशिक्यानेही वाचाव्यात अशा आहेत. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, कारण त्यांचा वास हरणाला येतो असे तो म्हणे. तंबाखूच्या धुराचा वासही तो अंगाला लागू देत नसे. पहाटे डोक्यापासून पायापर्यंत स्नान करायचे, तोंड धुवायचे आणि काही न खाता निघायचे, हा त्याचा नेम होता. पायांवर काही पांघरले तर झुडपांत आवाज होतो, म्हणून तो पाय उघडेच ठेवी. हरणाचे डोके पेंढा भरून तो आपल्या डोक्यावर बांधत असे आणि झुडपाआडून ते हलकेच वरखाली करी. ही काय चीज आहे हे पाहायला हरणे आपणहून पुढे येत. झाडाचे कोवळे पान दुमडून ओठांत धरून तो पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढी, आणि मादी त्या दिशेने येई. मे १९१४ मध्ये पोप आणि मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर व थॉमस वॉटरमन त्याला त्याच्या मूळ मुलखात, डीअर क्रीकच्या खोऱ्यात घेऊन गेले. तिथे यांतले बरेच त्याने प्रत्यक्ष करून दाखवले. दोन वर्षांनी, मार्च १९१६ मध्ये, क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

आवाजाने हरीण भुलते ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हरीण आहे ते याच कारणासाठी : पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते. ‘एकनाथी भागवता’मुळे तो दाखला आपल्याकडे घरोघर पोचला. फरक इतकाच, की तिथे उपदेश हरणाच्या बाजूने आहे आणि इथे अनुभव पारध्याच्या बाजूने.

पोप यांचे शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये आले, आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांनी अलास्कात चित्रित केलेला शिकारपट गावोगावी दाखवला जाऊ लागला. डेट्रॉइटमध्ये तो पाहणाऱ्यांत फ्रेड बेअर नावाचा तरुण कारागीर होता. मिशिगनमध्ये त्याने उभारलेल्या कारखान्यामुळे शिकारीचे धनुष्य सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. केवळ धनुर्धाऱ्यांसाठी राखलेला हरणांचा हंगाम विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये दोन परगण्यांपुरता सुरू केला, तो मुख्यतः तिथले धनुर्धारी रॉय केस यांच्या पाठपुराव्यामुळे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना मिळू लागला. हरणे पकडून रिकाम्या रानांत सोडली गेली, सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा झाडी वाढली, लांडगे आणि पहाडी सिंह बहुतेक भागांतून आधीच नाहीसे झाले होते. या सगळ्यांचा परिणाम होऊन हरणांची संख्या आज तीन कोटींच्या घरात मानली जाते.

नवशिक्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा बदल मिसूरीतील हॉलिस विल्बर ॲलन यांनी घडवला. दोरी आणि चाकांची योजना असलेल्या त्यांच्या कंपाउंड धनुष्याला १९६९ मध्ये पेटंट मिळाले. साधे धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते. या धनुष्यात शेवटच्या टप्प्यात चाक फिरते आणि ओझे एकदम हलके होते, त्यामुळे हरीण योग्य कोनात वळेपर्यंत दोरी ताणून थांबता येते. वर्षानुवर्षांचा सराव नसलेला माणूसही एका उन्हाळ्याच्या तयारीवर रानात उतरू लागला. १९७२ मध्ये धनुष्यबाणांवरही तोच वन्यजीव कर लावण्याचा कायदा अमेरिकेत झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि आपल्याकडील हौशी शिकारीचा अध्याय संपू लागला; तेव्हा इथल्या वाचकाने पुढचा मजकूर इतिहास म्हणूनच वाचावा, चितळ-सांबरावर प्रयोग करण्यासाठी नव्हे.

हौशी लोकांची संख्या वाढली, तसा त्यांच्या अधीरपणाचा बाजारही वाढला. माजावर आलेल्या मादीच्या मूत्राच्या बाटल्या दुकानांत आल्या. त्यासाठी हरणे पाळून मूत्र गोळा करण्याचा धंदाच उभा राहिला. दक्षिण टेक्सासमधील शिकारी शिंगांची जोडी एकमेकांवर आपटून दोन नरांच्या झुंजीचा आवाज काढीत, ती युक्ती देशभर पसरली. नराच्या घोगऱ्या हुंकाराची नक्कल करणारी नळी १९८० च्या दशकात जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात दिसू लागली. मचाण सुटसुटीत, खांद्यावरून नेण्याजोगे झाले. आणि ज्यात शिकण्यासारखे जवळजवळ काहीच नाही असा उपाय, म्हणजे मक्याचा ढीग, सर्वाधिक खपला. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर ठरल्या वेळी मका फेकणारी यंत्रे टांगणे कायदेशीर आहे आणि नेहमीचे आहे. अन्य काही राज्यांत मात्र तेच कृत्य गुन्हा ठरते. रानात कष्टाने माग काढणाऱ्या जुन्या मंडळींना हा प्रकार कधीच रुचला नाही. ‘न्याय्य पाठलागा’ची, म्हणजे जनावराला निसटण्याची खरी संधी देऊनच शिकार करण्याची, कल्पना थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबापासून चालत आलेली आहे, आणि आमिष तिच्यात बसते की नाही यावर शिकाऱ्यांमध्ये आजही एकमत नाही.

हा वाद नीतीपुरता राहिला असता तर बहुधा कधीच सुटला नसता. त्याला वेगळे वळण रोगाने दिले. मिशिगनच्या अल्कोना परगण्यात १९७५ मध्ये मारलेल्या एका हरणात गुरांचा क्षय आढळला, तेव्हा तो अपवाद समजला गेला. १९९४ मध्ये शेजारच्या अल्पेना परगण्यात दुसरे हरीण सापडले आणि पाहणी केल्यावर रोग रानात मुरला असल्याचे दिसले. त्या भागात बीट, गाजरे आणि मका यांचे ढीगच्या ढीग टाकण्याची प्रथा होती, आणि एकाच ढिगावर नाकाला नाक लावून चरणाऱ्या हरणांत रोग सहज पसरतो हे उघड होते. म्हणून त्या परगण्यांत आमिषावर निर्बंध आले.

दुसरा रोग, ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’, याहून चिवट निघाला. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात बंदिस्त हरणे झुरून मरू लागली. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स यांनी हा मेंदूला चाळणी करणाऱ्या रोगांच्या कुळातला असल्याचे ओळखले. कारण ना जिवाणू, ना विषाणू, तर प्रिऑन नावाचे बिघडलेले प्रथिन, जे लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडते व मातीत वर्षानुवर्षे टिकते. २००२ च्या प्रारंभी विस्कॉन्सिनमध्ये, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला प्रथमच, तो सापडला आणि पूर्वेकडच्या राज्यांची झोप उडाली. मक्याचा ढीग लाळेमुळे संशयित ठरला, तशीच बाटलीतल्या मूत्रामुळे गंधाची दुकानदारीही. व्हर्जिनियाने २०१५ पासून शिकारीसाठी नैसर्गिक हरीणमूत्र बाळगण्यास बंदी केली. मिशिगनने २०१९ मध्ये आपल्या संपूर्ण दक्षिणेकडील द्वीपकल्पात आमिष बंद केले.

त्यामुळे आज परवाना काढणाऱ्याला आधी आपल्या राज्याचा, आणि कित्येकदा आपल्या परगण्याचा, नियम पाहावा लागतो. जे उरते ते बरेचसे जुनेच आहे. क्लोव्हर किंवा सलगमाच्या जातीची पिके पेरलेला तुकडा बहुतेक ठिकाणी आमिषात मोजला जात नाही. मूत्राऐवजी कृत्रिम गंध मिळतात. हुंकाराची नळी आणि शिंगे चालतात. पण अनुभवी माणूस नवशिक्याला आधी पांढऱ्या ओकची फळे कुठे गळताहेत ते पाहायला, त्या झाडाकडे येणारी वाट शोधायला, आणि वारा आपल्याकडून त्या वाटेकडे वाहत नाही अशा बाजूला बसायला सांगतो. शिकार साधलीच, तर रोगग्रस्त परगण्यात आणखी एक काम राहते : इशी ज्याचे सोंग घेऊन झुडपाआड बसत असे ते हरणाचे डोके धडावेगळे करून, चिठ्ठी बांधून, रस्त्याकडेला ठेवलेल्या वनखात्याच्या पेटीत तपासणीसाठी टाकायचे, आणि अहवाल येईपर्यंत मांसाला हात लावायचा नाही.