ऑब्झर्व्हेबिलिटी आणि मॉनिटरिंग

चालू सॉफ्टवेअरच्या आत काय घडते आहे, हे त्याने बाहेर सोडलेल्या नोंदींवरून ओळखता येणे म्हणजे ऑब्झर्व्हेबिलिटी. संकल्पना नियंत्रणशास्त्रातली, रुडॉल्फ कालमान यांनी ती १९६० च्या सुमारास मांडली. मॉनिटरिंगमध्ये ठरलेली मोजमापे घेतात आणि मर्यादा ओलांडली की अलर्ट जातो. आधी कुणाला सुचलाच नाही, अशा बिघाडाचा माग एवढ्याने लागत नाही.

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या लिलावासाठी एक ॲप आहे. अंबिया बहाराची आवक वाढली की सकाळी बोलीला झुंबड उडते. १,००० रिक्वेस्टपैकी ९८० ना ०.१ सेकंद लागला, २० ना ६ सेकंद. सरासरी येते जेमतेम ०.२२ सेकंद, म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार. पी-९९ (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के रिक्वेस्ट पूर्ण होतात ती) मात्र ६ सेकंद, आणि त्या वीस जणांची बोली हुकलेली. प्रतिसादाच्या वेळेसाठी सरासरीवर विसंबूच नये.

वीसच का अडल्या, ते ट्रेस, म्हणजे एका रिक्वेस्टच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याची नोंद, दाखवतो. रिक्वेस्टला ३२ हेक्स (०-९ आणि a-f) अंकांचा ट्रेस-आयडी मिळतो आणि प्रत्येक टप्प्याची वेळ स्पॅन म्हणून नोंदली जाते. इथे डेटाबेसची क्वेरी ४० मिलिसेकंदांत झाली, पण त्याआधी कनेक्शन मिळायलाच साडेपाच सेकंद गेले. पूलमधली (डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातली) दहाही कनेक्शने अडकलेली, सीपीयू २० टक्क्यांवर निवांत. सीपीयूवर लावलेला अलर्ट अशा वेळी वाजत नाही. मेसेज क्यूमध्ये (सेवांमधले निरोप रांगेत ठेवणाऱ्या व्यवस्थेत) आयडी पुढे पाठवायचा राहिला, तर ट्रेस तिथेच तुटतो.

हाच आयडी लॉगच्या (सॉफ्टवेअरने लिहिलेल्या घटनांच्या नोंदीच्या) प्रत्येक ओळीत हवा, आणि सर्व्हरची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली हवीत. नाहीतर घटनांचा क्रम उलटसुलट दिसतो. ओटीपी लॉगमध्ये कधीही लिहू नये.

मेट्रिकसाठी, म्हणजे वेळोवेळी मोजलेल्या आकड्यांसाठी, प्रोमिथियस हे साधन (साउंडक्लाउड कंपनीत २०१२ पासून घडलेले) सर्रास वापरतात. त्यात मोबाइल नंबर लेबल (आकड्यांची वर्गवारी करणारी खूण) म्हणून घालणे महागात पडते, कारण लेबलांच्या प्रत्येक जोडणीची वेगळी मालिका साठते: ५०,००० ग्राहक, १० एंडपॉइंट (ॲपचे पत्ते), ४ स्टेटस (उत्तराचे प्रकार) म्हणजे २० लाखांपर्यंत मालिका, आणि मेमरी संपून प्रोमिथियसच कोसळू शकते. ग्राहकाचा तपशील ट्रेसमध्ये ठेवावा. ट्रेस, लॉग आणि मेट्रिक या तिन्ही प्रकारच्या नोंदी एकाच पद्धतीने गोळा करायला २०१९ पासून ओपनटेलिमेट्री आहे.

९९.९ टक्के उपलब्धतेचे उद्दिष्ट असेल, तर ३० दिवसांत ४३ मिनिटे १२ सेकंदच बंद राहण्याची मुभा उरते. ती झपाट्याने संपू लागली, तरच नागपूरच्या मिहान या उद्योग-वसाहतीतल्या रात्रपाळीच्या माणसाला फोन जावा. डिस्क हळूहळू भरते आहे, एवढ्यासाठी सकाळी बघायच्या कामाची नोंद (तिकीट) पुरते.