मेरी गॅरेट: देणगी, अट आणि बाल्टिमोरचं मेडिकल कॉलेज

1870 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात पाच मैत्रिणी शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमायच्या. मेरी गॅरेट, केअरी थॉमस, मेमी ग्विन, बेसी किंग आणि ज्युलिया रॉजर्स. पाचही खात्यापित्या घरातल्या. वाचायचं, लिहिलेलं एकमेकींना दाखवायचं, त्यावर कडाक्याचा वाद घालायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. यांतल्या चौघींचे वडील मात्र वेगळ्याच बैठकीला एकत्र यायचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर गॅरेट, थॉमस, ग्विन आणि किंग हे चौघेही होते. 1876 साली हे विद्यापीठ सुरू झालं आणि त्याचा कारभार या वडिलांच्या हाती होता. मुलींना तिथे प्रवेश नव्हता.

केअरी थॉमसनं कॉर्नेलची पदवी घेऊन हॉपकिन्समध्ये पुढचं शिक्षण घ्यायचा प्रयत्न केला. तिला परवानगी मिळाली, पण वर्गात बसायची नाही. वर्षभरात तिनं नाद सोडला, युरोप गाठलं आणि 1882 साली झुरिकहून डॉक्टरेट मिळवली. मेरीची शाळा तर सतराव्या वर्षीच संपली होती. विद्यापीठात शिकायची तिची फार इच्छा होती. अध्यक्ष डॅनियल गिलमन यांच्याकडे शब्द टाकूनही काही झालं नाही. पुढे याच बाईनं हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजचं दार मुलींसाठी उघडायला लावलं. ती हे करू शकली याची मुळं तिच्या घरात सापडतात, म्हणून आधी घराबद्दल.

मेरी एलिझाबेथ गॅरेटचा जन्म 5 मार्च 1854 चा. आजोबा रॉबर्ट गॅरेट आयर्लंडहून आलेले, मालाची ने-आण आणि पेढीचा धंदा करून वर आलेले. वडील जॉन वर्क गॅरेट 1858 साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे 26 वर्षं, त्या खुर्चीवर राहिला. यादवी युद्धात ही रेल्वे उत्तरेच्या फौजांची मोठी रसद वाहिनी होती, आणि लिंकनच्या सरकारचा या माणसावर भरवसा होता. रॉबर्ट आणि हॅरिसन हे थोरले भाऊ, आणि मेरी शेंडेफळ.

मुलगी हुशार आहे हे बापानं लवकर ओळखलं. तो तिला कामाच्या दौऱ्यांवर सोबत न्यायचा, तिच्याकडून पत्रं लिहून घ्यायचा. घरात आणि ऑफिसात तिला ‘पपाची सेक्रेटरी’ म्हणत. मोठमोठे भांडवलदार सौदा कसा करतात, कुठे गप्प बसतात, कुठला शब्द कागदावर आल्याशिवाय पैसा सोडत नाहीत, हे सगळं तिनं शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं. मेरी मुलगा असती तर बरं झालं असतं, असं बाप म्हणायचा, अशी आठवण सांगितली जाते. कौतुकानं म्हटलेलं ते वाक्य त्या मुलीला आयुष्यभर टोचलं असणार, असं मला वाटतं. कारण रेल्वेत तिला कुठलंच पद मिळणार नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

हा पैसा आला कसा, तेही सांगायला हवं. जुलै 1877 मध्ये गॅरेटनं रेल्वे कामगारांची मजुरी 10 टक्क्यांनी कापली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग स्टेशनात कामगारांनी इंजिनं अडवली आणि बघता बघता संप देशभर पसरला. 20 जुलैला बाल्टिमोरच्या रस्त्यांवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात किमान 10 माणसं मेली. मेरी तेव्हा 23 वर्षांची होती. पुढे शिक्षणासाठी तिनं जे लाखो डॉलर दिले, त्यांत त्या कापलेल्या मजुरीचाही अंश होता. तिच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही हे बाजूला ठेवून तिच्याबद्दल लिहिणं मला पटत नाही.

मग घरावर एकामागून एक आघात झाले. नोव्हेंबर 1883 मध्ये आई गेली, सप्टेंबर 1884 मध्ये वडील. मालमत्तेचे तीन वाटे झाले आणि मुलीलाही भावांच्या बरोबरीनं तिसरा वाटा मिळाला, सोबत बाल्टिमोरच्या माउंट व्हर्नन भागातलं मोठं घर. तिशीतली ही अविवाहित मुलगी देशातल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांपैकी एक झाली. रॉबर्ट बापाच्या जागी रेल्वेचा अध्यक्ष झाला, पण 1887 मध्ये पायउतार झाला. त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं होतं. 1896 साली तो वारला. हॅरिसन तर 1888 च्या जूनमध्येच चेसापीक उपसागरात बुडाला. त्याच्या नौकेला आगबोटीची धडक बसली होती. त्याचाच मुलगा रॉबर्ट, म्हणजे मेरीचा पुतण्या, 1896 साली अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये थाळीफेक आणि गोळाफेक दोन्हींत पहिला आला. आज इंटरनेटवर गॅरेट आडनाव शोधलं तर आत्याच्या आधी अनेकदा हा पुतण्याच सापडतो.

वारसा हातात आल्यावर मेरीनं पहिलं काम केलं ते मुलींच्या शाळेचं. 1885 साली पाच मैत्रिणींनी बाल्टिमोरमध्ये ब्रिन मॉर स्कूल काढलं. मुलींना शिवणकाम, फ्रेंच आणि पियानो शिकवून घरी पाठवणाऱ्या शाळा भरपूर होत्या. इथे नियम वेगळा होता. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा सोडल्याचं प्रशस्तिपत्रच मिळायचं नाही. 1890 मध्ये मेरीच्या पैशातून नवी इमारत उभी राहिली. तिच्यात व्यायामशाळा होती, पोहण्याचा तलाव होता. जास्त अभ्यासानं मुलींची प्रकृती बिघडते असं नामवंत डॉक्टर उघडपणे लिहीत होते, त्या काळात हा तलाव म्हणजे त्यांना दिलेलं उत्तरच होतं. मुलींच्या तब्येतीकडे पाहायला डॉ. केट हर्डची नेमणूक झाली. तिनं 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली होती.

या कॉलेजचं नाव मराठी वाचकांना माहीत आहे. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी तिथूनच डॉक्टर झाल्या आणि पुढे गुरुबाई करमरकरही तिथेच शिकल्या. स्त्रियांसाठीचं हे वेगळं कॉलेज 1850 साली काढावं लागलं, कारण पुरुषांची कॉलेजं त्यांना घेत नव्हती. या वेगळ्या कॉलेजांनी फार मोठं काम केलं. पण देशातली सर्वांत चांगली प्रयोगशाळा आणि रुग्णालय जिथे असेल, तिथे बाईलाही पुरुषाशेजारी बसता यावं, हा प्रश्न त्यांनी सुटत नव्हता. मेरीनं हात घातला तो या प्रश्नाला.

संधी आली ती रेल्वेमुळेच. जॉन्स हॉपकिन्स हा व्यापारी 1873 च्या डिसेंबरमध्ये वारला तेव्हा त्यानं विद्यापीठ आणि रुग्णालयासाठी मिळून 70 लाख डॉलर ठेवले होते. विद्यापीठाच्या वाट्याचा मोठा भाग बाल्टिमोर अँड ओहायोच्या शेअर्समध्ये होता, आणि हे शेअर विकू नका असा त्याचा सल्ला होता. 1880 च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेची घडी विस्कटली आणि लाभांश थांबला. 1889 मध्ये रुग्णालय दिमाखात उघडलं. विल्यम वेल्च, विल्यम ऑस्लर, विल्यम हॉलस्टेड, हॉवर्ड केली असे प्राध्यापक येऊन बसले होते. मेडिकल कॉलेज मात्र कागदावरच राहिलं, कारण ते सुरू करायला पैसा नव्हता.

मैत्रिणींनी ही अडचण नेमकी हेरली. 1890 मध्ये त्यांनी स्त्रियांचा निधी गोळा करायला सुरुवात केली. म्हणणं सरळ होतं: आम्ही 1 लाख डॉलर देतो, तुम्ही स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश द्या. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, शहरोशहरी बायकांच्या समित्या झाल्या. वॉशिंग्टनच्या समितीची प्रमुख होती राष्ट्राध्यक्षांची पत्नी कॅरोलाइन हॅरिसन. बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूनं जाहीर लिहिलं, त्याचाही उपयोग झाला. काही महिन्यांत लाखाच्या वर रक्कम जमली. तिच्यातले 47,787 डॉलर एकट्या मेरीचे होते.

विश्वस्तांनी ऑक्टोबर 1890 मध्ये पैसा घेतला, अटही मानली. पण एकूण 5 लाख डॉलर जमल्याशिवाय कॉलेज उघडणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे होकार दिला आणि तारीख लांबवली. एवढी रक्कम बायका कुठून आणणार, असा हिशेब त्यामागे असावा, असं वाटायला जागा आहे.

दोन वर्षं रखडत गेली. शेवटी डिसेंबर 1892 मध्ये, नाताळाच्या तोंडावर, मेरीनं विश्वस्तांना पत्र पाठवलं. 5 लाखांना जितके कमी पडत होते तितके, म्हणजे 3,06,977 डॉलर, ती एकटी द्यायला तयार होती. त्या पत्रात मला बापाच्या ऑफिसात बसून शिकलेली मुलगी दिसते. अटी एकामागून एक, मोजूनमापून लिहिलेल्या. स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळेल आणि गुणवत्तेवर दिली जाणारी सगळी बक्षिसं, मान आणि पदं त्यांनाही खुली राहतील. कॉलेज पदवीनंतरचं असेल, अभ्यासक्रम चार वर्षांचा. प्रवेश घेणाऱ्याला आधीची पदवी किंवा तितकं शिक्षण हवं, रसायन, भौतिक आणि जीवशास्त्राचा पाया हवा, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. स्त्रियांच्या निधीची आठवण राहील असं नाव एका इमारतीला द्यायचं. सहा स्त्रियांची एक समिती असेल आणि विद्यार्थिनींची अडचण तिच्याकडे नेता येईल. आणि या अटी मोडल्या तर पैसा परत.

हे वाचून विश्वस्तच काय, प्राध्यापकही हादरले. अमेरिकेत तेव्हा कितीतरी मेडिकल कॉलेजं शाळेतून आलेल्या पोराला दोन वर्षं व्याख्यानं ऐकवून डॉक्टर करत होती. इतकी कडक पात्रता ठेवली तर विद्यार्थी मिळतील का, हीच धास्ती होती. गंमत म्हणजे प्रवेशाच्या या कसोट्यांचा मूळ मसुदा वेल्चनंच पूर्वी केलेला होता. मेरीनं तो उचलला आणि त्यातून सूट द्यायला नकार दिला. ऑस्लर वेल्चला म्हणाला ते प्रसिद्धच आहे: आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कधीच प्रवेश मिळाला नसता.

बायका आल्या की दर्जा घसरेल, हा तेव्हाचा नेहमीचा आक्षेप. मेरीनं बायकांचा प्रवेश आणि वरचा दर्जा एकाच करारात बांधून टाकले, त्यामुळे एक हवं असेल तर दुसरंही घेणं भाग पडलं. आपल्याकडे दान म्हणजे या हाताचं त्या हाताला कळू नये, अशी शिकवण. अट घालणारा दाता आपल्याला कोता वाटतो. पण अट न घालता ही रक्कम दिली असती तर भिंतीवर तिच्या नावाची पाटी लागली असती आणि आत वर्गात एकही मुलगी दिसली नसती. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन्ही वेळचे मिळून तिनं 3,54,764 डॉलर दिले.

ऑक्टोबर 1893 मध्ये कॉलेज उघडलं. पहिल्या वर्गात 18 विद्यार्थी, त्यांत 3 मुली. 1910 साली अब्राहम फ्लेक्सनरनं अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची झडती घेणारा अहवाल लिहिला तेव्हा नमुना म्हणून हॉपकिन्सच पुढे ठेवलं. आज पदवीधरांनाच प्रवेश देणारी अमेरिकेतली मेडिकल कॉलेजं पाहून आपली मुलं तिकडच्या शिक्षणाची लांबी मोजतात. त्या पद्धतीचा एक धागा या पत्रापर्यंत येतो.

त्यानंतरचं मेरीचं आयुष्य बरंचसं केअरी थॉमसच्या सोबतीनं गेलं. केअरीला ब्रिन मॉर कॉलेजची अध्यक्ष केलं तर दरवर्षी 10,000 डॉलर देईन, असा प्रस्ताव तिनं कॉलेजपुढे ठेवला आणि 1894 मध्ये केअरी अध्यक्ष झाली. 1904 पासून मेरी कॉलेजच्या आवारातच, केअरीच्या घरी, राहायला गेली. दोघींचं नातं जोडीदारांचं होतं. फेब्रुवारी 1906 मध्ये मताधिकारवाल्या स्त्रियांचं राष्ट्रीय अधिवेशन बाल्टिमोरला भरलं, तेव्हा मेरीनं आपलं बंद घर पुन्हा उघडलं. या चळवळीची जुनी पुढारी सुझन अँथनी तिथेच उतरली होती, 85 वर्षांची आणि आजारी. अंथरुणावरून तिनं मेरी आणि केअरीला विचारलं की चळवळीसाठी काय करता येईल. दोघींनी पाच वर्षांत 60,000 डॉलर उभे करायचं कबूल केलं. महिन्याभरात अँथनी गेली, आणि दोघींनी शब्द पाळला.

मेरी 3 एप्रिल 1915 रोजी रक्ताच्या कर्करोगानं गेली. मालमत्ता तिनं केअरीच्या नावे केली.

तिच्या अटींत वंशाबद्दल एक अक्षरही नव्हतं. केअरी थॉमसची मतं तर उघड वर्णद्वेषी होती आणि ब्रिन मॉरमध्ये कृष्णवर्णीय मुलगी नको अशी तिची भूमिका होती. हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजातून पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडले ते 1967 मध्ये. मेरीनं कागदावर जे लिहून घेतलं तेच घडलं. जे लिहून घेतलं नाही, त्यासाठी इतरांना आणखी 75 वर्षं थांबावं लागलं.

जे लिहून घेतलं होतं, ते किती कामी आलं याचं उदाहरण 1900 च्या वर्गाचं. फ्लॉरेन्स सेबिन आणि डोरोथी रीड दोघी वरच्या क्रमांकात आल्या आणि ऑस्लरच्या हाताखाली काम करायची मानाची जागा दोघींनाही मिळाली. एकाच वर्षी दोन बायका नकोत अशी कुजबुज झाली, तरी गुणांवर मिळालेली जागा काढून घेता आली नाही. रीडनं पुढे हॉजकिनच्या आजारातली, म्हणजे लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगातली, ती विशिष्ट पेशी ओळखली. एमबीबीएसची मुलं आजही ‘रीड-स्टर्नबर्ग पेशी’ म्हणून पाठ करतात त्यातली रीड हीच. सेबिन शरीररचनाशास्त्रात शिकवायला राहिली. 1917 मध्ये विभागप्रमुखाचं पद रिकामं झालं तेव्हा ते तिला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. ते लुइस वीडला मिळालं, जो तिचाच विद्यार्थी होता. तिला प्राध्यापकपद दिलं गेलं, आणि हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजातली ती पहिली पूर्ण प्राध्यापिका ठरली. मेरीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.