गाठ कॅन्सरची नाही, मग कशाची?

स्तनात टणक गाठ, वरची कातडी लाल, कधी पू. सोनोग्राफीत चित्र संशयास्पद दिसतं आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मग बायोप्सीचा रिपोर्ट येतो: कॅन्सर नाही, ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’, म्हणजे स्तनाचा एक प्रकारचा दाह. जीव भांड्यात पडतो, पण गाठ जात नाही. बसते, पुन्हा उठते, महिनोन्महिने छळते.

केसलर आणि वोलोक यांनी १९७२ मध्ये हा आजार वेगळा ओळखला. नावाआधी ‘इडिओपॅथिक’ लागतं, म्हणजे कारण ठाऊक नाही. संशयित मात्र बरेच आहेत.

आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो. ग्रॅन्युलोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके, टीबीतही दिसतात. त्यामुळे टीबीचा जंतू सापडला नसतानाही कधी कधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते.

बहुतेक रुग्ण गेल्या काही वर्षांत बाळंत झालेल्या असतात, म्हणून दुसरा संशय दुधावर. दूध नलिकेत असेपर्यंत ठीक. भिंतीतून आजूबाजूला झिरपलं की पेशी त्याला परकं समजून घेराव घालतात. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं हार्मोन, वाढलं तरी हे होऊ शकतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ किंवा रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजाराची औषधं ते वाढवतात.

स्टेरॉइडने गाठ ओसरते. शिवाय या आजारात काहींना पायांवर लाल गाठी येतात, सांधे धरतात. म्हणून स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीकडे बोट दाखवलं जातं. मला हा पुरावा तोकडा वाटतो. स्टेरॉइड कुठलाही दाह दाबतं.

सगळ्यात रंजक संशयित आहे ‘कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटाय’. १९९८ मध्ये एका रुग्णाच्या थुंकीत सापडलेला हा जंतू २००३ च्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात अशा स्तनांमध्ये वारंवार आढळला. त्याला चरबी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमाच्या मधोमध एक रिकामी गोल पोकळी दिसते. तिथला स्निग्धांश स्लाइड तयार करताना विरघळून गेलेला असतो. भोवती पांढऱ्या पेशींचं कडं, आणि पोकळीत रंग दिल्यावर दिसणाऱ्या मोजक्या जांभळ्या काड्या. हेच ते जंतू. ते गुन्हेगार की चरबी पाहून आलेले पाहुणे, यावर वाद आहे, कारण त्यांचे भाऊबंद आपल्या त्वचेवर एरवीही राहतात.

लॅबमध्ये जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटवर हा जंतू धड वाढत नाही आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं. म्हणून पू पाठवतानाच लॅबला कळवावं लागतं: स्निग्ध पदार्थ घातलेली प्लेट वापरा, आणि ती दोन दिवसांत टाकून देऊ नका.