दहा गुंठ्यांतला वाघ

प्राणिसंग्रहालयात गेलात तर बिबट्याआधी त्याच्या पिंजऱ्यातली जमीन पाहा. जाळीलगत वीत-दीड वीत रुंदीची, गवत नसलेली, घासून गुळगुळीत झालेली पट्टी दिसते का? ती पट्टी येरझारांनी तयार होते. जनावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, ठरलेल्या जागी वळतं आणि वळताना पंजाही जवळजवळ त्याच ठिकाणी टेकवतं. वरवर पाहता कसलाही हेतू नसलेली आणि तशीच्या तशी परत परत होणारी ही हालचाल प्राणी-कल्याणाच्या अभ्यासात धोक्याची खूण मानतात.

नागपूरकरांना हा प्रश्न अगदी जवळचा आहे. सीताबर्डीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर महाराजबाग आहे. भोसल्यांच्या या बागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि आज ते कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली चालतं. शहराच्या कडेला गोरेवाडा आहे. तिथल्या प्राणी उद्यानातली सफारी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, आणि तिथलं जंगल १,९०० हेक्टरच्या पुढे जातं. २०१८ मध्ये प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता काढून घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘बंद करा’ आणि ‘आमची बाग वाचवा’ असे दोन्ही सूर शहरात उमटले. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. पण भरवस्तीतलं छोटं प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट, याला सरसकट उत्तर नाही. उत्तर प्राण्यागणिक बदलतं. बहुतेक छोटी संग्रहालयं फसतात ती ज्या प्राण्यांसाठी लोक तिकीट काढतात त्यांच्याच बाबतीत, म्हणजे वाघ, बिबट आणि अस्वल.

हिशेब मांडून पाहू. याच प्राधिकरणाच्या मानकांनुसार वाघाच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटर मोकळं आवार लागतं आणि बिबट्याच्या जोडीला ५००. आपल्या मापात ते दहा गुंठे आणि पाच गुंठे होतात. ताडोबा-पेंचच्या जंगलात एकटी वाघीण कित्येक चौरस किलोमीटरचा मुलूख राखते. मांसाहारी प्राण्यांवरचा एक गाजलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात ज्या जातीचा वावर मोठा, ती पिंजऱ्यात जास्त येरझारा घालते आणि तिची पिल्लंही जास्त दगावतात, असं त्यात दिसलं. छोट्या वावराच्या जाती तुलनेने बऱ्या राहतात. म्हणून कोणता प्राणी ठेवायचा हा निर्णय आधी, पिंजरा कसा बांधायचा हा नंतर.

तरी दहा गुंठ्यांत काय आहे, यानेही मोठा फरक पडतो. भारतातल्या सहा प्राणिसंग्रहालयांमधले ४१ वाघ आणि २१ बिबटे यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेतल्या ताणाच्या संप्रेरकांचे अंश मोजून आणि वागणूक नोंदवून तो केला होता. आवारातल्या सोयींचा आणि कीपरच्या वागण्याचाही जनावराच्या ताणाशी संबंध त्यात आढळला. म्हणजे रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस आरडाओरडा करतो की शांतपणे नावाने हाक मारतो, हेसुद्धा विष्ठेच्या नमुन्यात उतरू शकतं.

सोयी म्हणजे नेमकं काय? बिबट्याला उंचावर माचाण हवं, कारण तो खालून वर पाहत राहिला की अस्वस्थ होतो. वाघाला बसता येईल एवढं टाकं हवं. प्रेक्षक चारही बाजूंनी नसावेत. निदान दोन बाजू झाडोऱ्याने बंद असाव्यात, म्हणजे जनावराला नजरेआड जाता येतं. खाणं रोज एकाच जागी न ठेवता कधी ओंडक्यामागे, कधी टांगून, कधी पोत्यात गुंडाळून द्यावं. इथली नेहमीची चूक म्हणजे एक टायर किंवा ओंडका एकदा लटकवायचा आणि वर्षभर तसाच ठेवायचा. आठवड्याभरात जनावराच्या लेखी तो भिंतीसारखा होतो. वस्तू आलटून-पालटून, आणि वेळही बदलून दिल्या तरच उपयोग.

आता नागपूरचा उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो, आणि काँक्रीटचा पिंजरा दिवसभर शोषलेली उष्णता रात्रभर आत सोडत राहतो. म्हणून फक्त दुपारी पाणी मारून भागत नाही. संध्याकाळी फरशी आणि भिंती निवेपर्यंत भिजवाव्या लागतात. घराघरांत असतो तोच डेझर्ट कूलर पिंजऱ्यातही लावतात आणि मे महिन्यात तो उत्तम चालतो. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ओल्या पॅडमधून येणारा झोत २७-२८ अंशांपर्यंत उतरतो. पण मृग लागून पाऊस जमला की तोच कूलर घातक ठरतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना तो जेमतेम दोन अंश उतरवतो आणि वर दमटपणा वाढवतो. मग कातडीवर बुरशी धरते, जखमेत माशी अंडी घालते आणि दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. पहिला सलग पाऊस झाला की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, हे कीपरच्या वहीत तारखेसकट लिहिलेलं असावं.

आहारात लोकांना वाटतं तेवढं सोपं काही नाही. मोठ्या वाघाला रोज साधारण ८ ते १० किलो म्हशीचं मांस लागतं, आणि आठवड्यातून एक दिवस उपवास असतो. पण नुसत्या लाल मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो, आणि शरीराला दोन्ही जवळपास सारखे लागतात. ही तूट भरायला शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. वाढत्या बछड्याचे पाय वाकतात आणि साध्या उडीत हाड मोडतं. जंगलात वाघ हाडांसकट खातो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. मांजरकुळाला भाजीपाल्यातल्या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येत नाही, म्हणून यकृत द्यावं लागतं. ते मापात, कारण जास्त झालं तर त्याच जीवनसत्त्वाने सांधे आखडतात.

कोंबडीचा प्रश्न वेगळाच आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. मांजरकुळाला हा विषाणू बहुधा बाधित पक्ष्यांच्या कच्च्या मांसातून लागतो. डीप फ्रीझरमध्ये ठेवून तो मरत नाही, उलट टिकतो. मांसाच्या आतपर्यंत ७० अंश उष्णता पोचली तरच तो नष्ट होतो. पण कोंबडी शिजवली की तिची हाडं ठिसूळ होऊन त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि आतड्यात रुततात. म्हणजे शिजवायची तर हाडं काढायची, आणि हाडं काढली तर कॅल्शियम वरून मोजून द्यायचं. एका खबरदारीतून दुसरी निघते. हा हिशेब रोज सांभाळणारा पूर्णवेळ पशुवैद्य नसेल, तर त्या संग्रहालयाने मोठी मांजरं ठेवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वस्तीतल्या संग्रहालयाला रोग बाहेरूनही येतात. २००० साली भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये बारा वाघ थोड्याच दिवसांत गेले. कारण होतं ‘सर्रा’. रक्तात वाढणारा हा एकपेशीय परजीवी गोमाशीच्या चावण्यातून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. शेजारी म्हशींचा गोठा असेल तर परजीवीचा साठा तिथेच असतो. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू येतो, भटक्या कुत्र्यांमधून डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार आणि रेबीज. उकिरडा दूर ठेवणं आणि कुंपणाखाली उकरून आत शिरता येऊ नये म्हणून जाळी जमिनीत पुरणं, ही कामं पाहुण्यांना दिसत नाहीत. पण नव्या पिंजऱ्याच्या उद्घाटनापेक्षा त्यांनीच जास्त जीव वाचतात.

हरणांचा कळप पाहून मन प्रसन्न होतं, पण त्यातही एक खोट दडलेली असते. चितळ वर्षभर वितात आणि एक दांडगा नर बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही. कळपात एक नर आणि वीस माद्या असतील, तर सगळी पिल्लं एकाच बापाची होतात, आणि एकवीस जनावरं असूनही वंशातल्या विविधतेच्या दृष्टीने ती चार जनावरांपेक्षाही कमी भरतात. दर पिढीला रक्तसंबंध सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. चार-पाच पिढ्यांत वाढ खुंटलेली, वांझ किंवा जन्मतःच अशक्त पिल्लं दिसू लागतात. उपाय साधा आहे. नर वेगळे ठेवायचे आणि ठरावीक वर्षांनी दुसऱ्या संग्रहालयाशी नरांची अदलाबदल करायची. अडचण एवढीच, की ‘यंदा बारा पाडसं झाली’ ही बातमी चांगली वाटते आणि ‘यंदा एकही होऊ दिलं नाही’ ही वाटत नाही.

मग लहान संग्रहालयाने करावं काय? लहान प्राणी ठेवावेत आणि नीट ठेवावेत. चांदणी कासवांना अर्धा गुंठाही पुरतो, फक्त त्यात ऊन, सावली आणि उकरायला माती तिन्ही हवीत. त्यांना काचेआड ठेवून चालत नाही. कवच कडक राहायला जी अतिनील किरणं लागतात ती साधी काच अडवते, आणि आतलं कासव लखलखीत उजेडातही मऊ पडत जातं. साळिंदर, मुंगूस, घुबडं आणि पाणकासवं पाच-दहा गुंठ्यांत बऱ्यापैकी जगू शकतात, आणि ती विदर्भातलीच आहेत.

समाजाच्या बाजूनेही एक गोष्ट मोजून झाली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या ७ ते १५ वर्षांच्या २,८०० हून अधिक मुलांकडून भेटीआधी आणि भेटीनंतर चित्रं काढून घेतली. नुसतं फिरून आलेल्यांपैकी ३४ टक्के मुलांच्या प्राण्यांविषयीच्या समजुतीत सुधारणा दिसली आणि जाणकार माणूस बरोबर असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांच्या. दोन्ही आकडे निम्म्याच्या खाली आहेत. नुसता वाघ दाखवला की निसर्गप्रेम जागं होतं, हा समज त्यामुळे टिकत नाही. पण ज्या मुलाच्या घरी ताडोबाच्या जिप्सीला हजारो रुपये देणं शक्य नाही, त्याला काही रुपयांच्या तिकिटात घुबडाची मान किती वळते ते जवळून पाहता येतं, आणि ते का वळते हे सांगणारा माणूस तिथे उभा असतो. या गोष्टीचं मोल आम्ही कमी मानत नाही. म्हणून पहिला खर्च त्या माणसाच्या पगारावर व्हावा.

नागपुरात याची सर्वांत सोपी सुरुवात संक्रांतीपासून होऊ शकते. बंदी असूनही नायलॉनचा मांजा वापरला जातो आणि जानेवारीत घारी, बगळे, गव्हाणी घुबडं पंख कापून खाली पडतात. खांदा आणि मनगट यांमध्ये पंखाच्या पुढच्या काठाला एक पातळ पडदा असतो. मांजा नेमका तिथेच बसतो. पडदाच फाटला असेल तर टाके घालून पक्षी परत उडू शकतो. त्यातली ताणलेली शीर, म्हणजे कंडरा, तुटली तर पंख पूर्ण उघडत नाही आणि तो पक्षी जन्माचा जमिनीवर राहतो. असे पक्षी सोडता येत नाहीत. त्यांना उंचीपेक्षा लांबी जास्त असलेला, कमी-अधिक उंचीच्या बैठकांचा पिंजरा लागतो. बैठकीला काथ्या गुंडाळावा, नाहीतर गुळगुळीत पाइपवर सतत बसून तळव्याला गळू होतं. शहराच्याच आकाशातून पडलेली घार असं लहान संग्रहालय आयुष्यभर सांभाळू शकतं, आणि मुलांना तिचा पंख दाखवून सगळं सांगू शकतं.

तुमच्या गच्चीवर असा पक्षी सापडला तर मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंना चार बोटं दोरा ठेवून कात्रीने कापा, कारण जखमेतला दोरा ओढला की शीरही त्याच्याबरोबर तुटते. वरून टॉवेल टाकून पंख अंगाला मिटवून धरा, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, झाकण लावा. अंधारात पक्षी शांत राहतो. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं आणि ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. खोकं सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, त्याच दिवशी पोचवा, आणि किती वाजता व कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा.