बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांसाठी जातीचा दाखला: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

जादूटोण्याच्या कथांमध्ये देव बदलला की जुन्या देवाचे मंत्र तत्काळ चालेनासे होतात. आपल्याकडे हे काम १९५० सालचा अनुसूचित जाती आदेश करतो; अनुसूचित जातीचा दर्जा कुणाला मिळतो हे तोच ठरवतो. सुरुवातीला त्यात हिंदू आणि पंजाबकडच्या चार शीख जाती सोडून कुणालाच जागा नव्हती. १९५६ साली बाकीचे शीख आले, बौद्ध थेट १९९० साली. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतलेल्यांना राज्याच्या सवलती आधी मिळाल्या, पण केंद्राच्या यादीसाठी ३४ वर्षं थांबावं लागलं.

पात्रता: मूळ जात महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत हवी आणि १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचं कुटुंब या राज्याचं रहिवासी असावं. दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’ असून केंद्राच्या नोकरीत भागत नाही, मूळ जातीचा उल्लेख लागतो. धर्मांतरित बौद्धांचा नमुना वेगळा असतो, अर्ज भरताना तोच मागा.

घोळ होतो तो कागदपत्रांत. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, वडिलांच्याही तेच. मग जात सिद्ध करायला आजोबा-पणजोबांकडे जावं लागतं: त्यांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद. १९५० पूर्वीची एखादी नोंद हाती लागली तर बरंच काम झालं. सोबत वंशावळीचं शपथपत्र, ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, फोटो. आजोबांचं आडनाव वेगळं लिहिलेलं असेल तर तेही शपथपत्रात आताच स्पष्ट करा, नंतर फार त्रास होतो.

तुम्ही स्वतः नुकतीच दीक्षा घेतली असेल तर दीक्षेचं प्रमाणपत्र जोडा आणि धर्मबदल महाराष्ट्र शासन राजपत्रात छापून घ्या. काही राज्यांत धर्मांतराआधीच सूचना द्यावी लागते. उत्तर प्रदेशात ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना. आपल्याकडचा चालू नियम दीक्षेआधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावा.

अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर करता येतो, दाखला प्रांत कार्यालयातून निघतो.

ख्रिश्चन किंवा मुस्लिम झालेल्याला मात्र अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. परत आल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तीन अटी सांगितल्या: मूळ जातीचा पुरावा, मूळ धर्मात खरोखर परतणं आणि त्या समाजाने स्वीकारणं. तिसरी अट मला सगळ्यात जाचक वाटते, कारण ती अर्जदाराच्या हातातच नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अट लागू नाही.

दाखला मिळाला म्हणजे काम संपत नाही. प्रवेश, नोकरी किंवा निवडणुकीसाठी जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्रही लागतं. मुलगा बारावीला असेल तर निकालाची वाट न पाहता तो अर्ज आधीच टाका; प्रवेशाच्या दिवसांत समितीकडे झुंबड असते.